कोणाच्या शेजारी कोण? खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात खाऱ्या पाण्याचा टँक सायकल कसा करायचा (म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात आधी कसे वाढवायचे) ते लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच, की पाणी झालं तयार, आता मासे कुठले घालू आणि कोण कोणाबरोबर राहील. म्हणून यावेळी फक्त तेवढंच घेते.

प्रश्न: ताई, माझा टँक 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. सायकल पूर्ण झाली, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. दुकानदाराशी बोलून लिस्ट केलीय: क्लाउनची जोडी, 3 निळे डॅमसेल, 1 ब्लू टँग, 1 हेनिओकस आणि मधोमध उठून दिसायला 1 लायनफिश. चवथीला घरी सगळे येतात, त्याआधी टँक भरलेला हवा. चालेल ना?
(म्हापशाहून एक वाचक)

उत्तर: नाही चालणार, आणि हे मी आत्ताच सांगते कारण तुम्ही अजून पैसे दिलेले नाहीत. लिस्टमधला एकेक मासा घेऊया.

लायनफिश आधी. तो शांत असतो, कोणाच्या मागे लागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं हा गरीब आहे. तो भांडतच नाही, तो गिळतो. तोंडात मावेल ते त्याचं अन्न, आणि त्याचं तोंड दिसतं त्यापेक्षा खूप मोठं उघडतं, स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासाही तो आत घेतो. तुमचे दोन्ही क्लाउन आणि तिन्ही डॅमसेल म्हणजे त्याच्यासाठी ताटात वाढलेलं जेवण. शिवाय पाठीवरच्या काट्यांत विष असतं, घरात लहान मुलं असतील तर नीट विचार करा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि लगेच डॉक्टरकडे जायचं.

ब्लू टँग. दुकानात तो रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि निळा रंग बघून कोणीही भुलेल, मीही अजून दुकानात गेले की त्याच्यासमोर दोन मिनिटं उभी राहते. पण तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि समुद्रात दिवसभर पोहत असतो. तुमच्या टँकात रॉक आणि वाळू घातल्यावर पाणी उरणार साधारण 150 ते 160 लिटर. टँगला निदान 6 फुटी टँक आणि 600 लिटरच्या पुढे पाणी लागतं. लहान जागेत कोंडला की तो बुजतो, खाणं सोडतो आणि मग अंगावर पांढरे ठिपके येतात, टँग या आजाराला सगळ्यात लवकर बळी पडतो. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना ब्लेडसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो, दुसऱ्या माशालाही चिरतो. हेनिओकसचंही तेच, स्वभावाने चांगला, पण 20-25 सेंटिमीटर होणारा आणि सोबतीने राहणारा मासा आहे, 3 फुटात त्याची घुसमट होईल.

म्हणजे उरले क्लाउन आणि डॅमसेल. दोघं एकाच कुळातले, आणि समुद्रात बऱ्याच वेळा भांडणं चुलत भावांतच होतात. निळा डॅमसेल स्वस्त, कणखर, काहीही खातो, म्हणून दुकानदार पहिला तोच देतात. माझ्या पहिल्या टँकच्या वेळी मलाही एका दुकानात असंच सांगितलं, हे चार घाला, यांच्यावर टँक सायकल होईल, नंतर बाकीचे आणा. मी घातले. दोन महिन्यांत चाराचा एक राहिला, त्या एकाने अख्खा रॉक आपला म्हणून धरला, आणि मग मी क्लाउनची जोडी आणली तेव्हा ती बिचारी आठ दिवस वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे उभी, पर फाटलेले, जेवायला खाली यायची हिंमत नाही. त्या डॅमसेलला पकडायला मला सगळा रॉक बाहेर काढावा लागला, रविवारची सगळी दुपार त्यात गेली आणि टँक परत स्थिर व्हायला महिना. एक क्लाउन वाचला नाही. ते मला अजून लागतं, कारण त्यात त्याची काहीच चूक नव्हती, पहिला मासा मी चुकीचा निवडला होता. आणि जिवंत मासे घालून सायकल करणं हेही तेव्हा मला कळलं नव्हतं की क्रूर आहे, सोलाट्याचा (कोळंबीचा) एक तुकडा पाण्यात कुजत ठेवला तरी काम होतं.

आता तुमच्या टँकात काय घालावं. मी असते तर पहिल्यांदा फायरफिश 1 आणि वॉचमन गोबी 1 आणला असता. फायरफिश वरच्या-मधल्या पाण्यात तरंगतो आणि गोबी वाळूवर बसतो, दोघांचा एकमेकांशी संबंधच येत नाही. गोबीबरोबर पिस्तूल कोळंबी मिळाली तर जरूर घ्या, ती कोळंबी जवळजवळ आंधळी, ती वाळूत बीळ खणत राहते आणि गोबी दारात बसून पहारा देतो, कोळंबीची मिशी सतत गोबीच्या अंगाला लागलेली असते आणि धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो, दोघं आत. तुमच्या चवथीच्या पाहुण्यांना एवढं दाखवलंत तरी ते टँकसमोरून हलणार नाहीत. फायरफिश मात्र घाबरला की उडी मारतो, वर जाळीचं झाकण हवंच, काचेचं अर्धवट झाकण नको, त्याला दोन बोटांची फटसुद्धा पुरते.

मग तीन-चार आठवड्यांनी पजामा कार्डिनल 1, त्यानंतर क्लाउनची जोडी, आणि सगळ्यात शेवटी रॉयल ग्रामा 1 घातला तर घाला, कारण तो आपल्या कपारीपुरता हट्टी असतो. हा क्रम उलटा करू नका. भित्रा आधी, दांडगा शेवटी. आधी आलेला मासा टँकला आपलं घर समजतो, मग नंतर आलेला कितीही दांडगा असला तरी पाहुण्यासारखा दबून राहतो. ग्रामाच्या नावाखाली कधीकधी डॉटीबॅक खपवतात, अर्धा जांभळा अर्धा पिवळा, दिसायला जवळजवळ तसाच, पण स्वभाव एकदम वेगळा, फायरफिशला जगू देणार नाही, तेव्हा दोघांचे फोटो मोबाईलवर बघूनच दुकानात जा.

चवथीपर्यंत टँकात दोन मासे दिसतील, आणि एक कोळंबी. दोन असू देत.

प्रश्न: मॅडम, माझ्याकडे दोन क्लाउन आहेत, दोन्ही मोठे, एकाच साईझचे, वेगवेगळ्या दुकानातून आणले. पहिला वर्षभर एकटा होता, दुसरा आणून 5 दिवस झाले, पहिला त्याला इतकं मारतोय की शेपटीचे तुकडे झालेत. दोन्ही नर आले का? आणि अ‍ॅनिमनी (क्लाउन ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) आणला तर शांत होतील का?
(वास्कोहून एक वाचक)

उत्तर: दोन्ही नर असते तर बरं झालं असतं हो! क्लाउनमध्ये सगळी पिल्लं आधी नर म्हणूनच वाढतात, घोळक्यातला सगळ्यात मोठा आणि वरचढ मासा पुढे मादी होतो आणि एकदा मादी झाला की परत नर होत नाही. तुमचा पहिला मासा वर्षभर एकटा होता म्हणजे तो बहुतेक मादी झालेला आहे, आणि दुसराही तेवढाच मोठा, तोही कुठेतरी एकटाच वाढलेला असेल तर दोन माद्या समोरासमोर आल्यात. त्या कधी जुळवून घेत नाहीत. आज संध्याकाळीच दुसऱ्याला वेगळा करा, उद्यावर टाकू नका, शेपटी भरून येते पण मार खाणारा मासा खाणं सोडतो आणि त्यातच जातो.

मग जोडी लावायची असेल तर एकदम लहान आणा, तुमच्या मादीच्या निम्म्याहून छोटा. आणल्या आणल्या मोकळा सोडू नका. मी प्लास्टिकचा पारदर्शक डबा घेऊन त्याला भोकं पाडून टँकात अडकवते, पिल्लू आत आणि मादी बाहेर, तीन-चार दिवस एकमेकांना बघू देत. सोडल्यावर मादी अंगावर धावेल, ते होणारच, बघायचं असतं ते लहानाकडे. तो आडवा होऊन अंग थरथरवतो का? आपण घाबरतो, फिट आली की काय, पण ती त्याची शरणागती असते, तू मोठी मी लहान असं सांगणं. हे दिसलं की निम्मं काम झालं. पळून लपतच राहिला, जेवायला येत नाही, तर परत डब्यात.

जोडी एकाच जातीची हवी. ऑसेलॅरिसबरोबर (नेहमीचा नारिंगी-पांढरा क्लाउन) मरून क्लाउन अजिबात नको, मरूनची मादी क्लाउनमधली सगळ्यात तापट, घरच्या टँकात तिच्यासमोर कोणी टिकत नाही.

अ‍ॅनिमनीने भांडण थांबत नाही, उलट मादी तो अ‍ॅनिमनी राखत बसेल आणि आणखी मारेल. क्लाउनला घरच्या टँकात अ‍ॅनिमनीची गरज नसते, समुद्रात तो शत्रूपासून लपायला तिथे राहतो, इथे शत्रूच नाही. अ‍ॅनिमनीला मात्र जोरदार लाइट आणि निदान सहा महिने मुरलेला टँक लागतो. लाइट कमी पडला की तो जागा शोधत फिरतो, पंपात अडकतो, आणि एकदा तो टँकात मेला की पाणी नासून बाकीच्यांचाही जीव धोक्यात येतो.

एक विनंती सगळ्यांनाच. क्लाउन घेताना टँकात जन्मलेला मागा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला क्लाउनची पैदास करून दाखवली त्याला आता बरीच वर्षं झाली, हॅचरीचे क्लाउन बाजारात मिळतात, कोरडं खाणं पहिल्या दिवसापासून खातात आणि त्यांच्यासाठी कुठल्या रीफवर जाळं पडत नाही.

प्रश्न: ताई मी बारावीत आहे. आमच्या घराजवळ ओहोटीला खडकात डबकी राहतात त्यात पिवळसर पाठीचे काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे असतात, दोन पकडून आणले तर क्लाउनबरोबर राहतील का? आणि पाणी पण तिथलंच आणतोय, सॉल्टचे पैसे वाचतात. खडकाला चिकटलेला कोरलचा तुकडा पण मिळाला.
(काणकोणहून एक विद्यार्थी)

उत्तर: तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं, ओहोटीच्या डबक्यात तासन्‌तास बघत बसणारा मुलगा माशांना कधी वाईट वागवणार नाही. पण आधी कोरलचं. तो तुकडा जिवंत असेल तर जिथून आणलास तिथे आजच परत ठेव. सगळे कडक कोरल आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना, काढायचे नाहीत आणि घरी ठेवायचेही नाहीत. समुद्री घोडा, समुद्री काकडी, समुद्रपंखा, यांनाही हात लावायचा नाही.

मासे वर्णनावरून सार्जंट मेजर वाटतात. आत्ता दोन इंचाचे आहेत, पण ते डॅमसेलच्याच कुळातले आणि 15-20 सेंटिमीटर होतात, पोटभर वाढले की तुझ्या क्लाउनचं जगणं कठीण करतील. डबक्यातलं आणखी एक सांगते, काळ्या अंगावर लांब पांढरे पट्टे असलेली, मिशांची छोटी पिल्लं घोळक्याने फिरताना दिसली तर हात घालू नकोस, ती सांगटासारखीच काटेवाल्या माशाची समुद्री जात आहे, काट्यात विष असतं आणि वेदना फार होतात. खडकातली गोबरोची आणि तांबोशाची पिल्लंही पोरं आणतात, दोन्ही शिकारी, दोन्ही ताटात यायच्या मापाचे होतात, टँकात वर्षभरात बाकी कोणी उरत नाही. आणि समुद्रातला कुठलाही मासा अंगावर परजीवी घेऊन येतो, समुद्रात ते पसरलेले असतात म्हणून त्याला बाधत नाहीत, तुझ्या टँकात ते दहा दिवसांत सगळ्यांना घेरतील.

पाण्याचं म्हणशील तर जानेवारीत खाडीच्या मुखापासून लांब, भरतीला घेतलेलं पाणी आणि जुलैतलं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक. पावसात तळपण, गालजीबाग या नद्या भरून वाहतात, किनाऱ्याचं पाणी गोडसर आणि गढूळ होतं, आणि पणजी-वास्कोकडे मांडवी-झुआरीच्या तोंडाशी तर विचारूच नको. टँकाला 1.025 च्या आसपास डेन्सिटी (पाणी किती खारं ते मोजायचं माप) कायम हवी असते, आज 1.025 उद्या 1.015 असं झालं की जुळलेले मासेही एकमेकांवर चिडचिड करायला लागतात. पैसे कमी आहेत हे कळतं मला. मग लहान टँक कर, सॉल्ट आणि आरओचं पाणी वापर, एकच क्लाउनची जोडी ठेव. डबकी तिथेच राहू देत, तू जा त्यांच्याकडे, वही घेऊन जा आणि कुठल्या महिन्यात कोण दिसतं ते लिहून ठेव, पुढे समुद्रशास्त्र शिकावंसं वाटलं तर दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तुझ्या घरापासून फार लांब नाही.

प्रश्न: टँकात सगळं छान चाललं होतं, क्लाउन, कार्डिनल, क्लीनर कोळंबी. गेल्या आठवड्यात एक नवीन एंजल आणला आणि आता सगळ्यांच्या अंगावर मिठासारखे कण दिसतात. दुकानदाराने कॉपरचं औषध दिलं. घालू का?
(फोंड्याहून एक वाचक)

उत्तर: मुख्य टँकात एक थेंबही घालू नका! कॉपरने कोळंबी मरते, गोगलगायी मरतात, आणि रॉक-वाळू ते शोषून ठेवतात, पुढे कोळंबी ठेवायची म्हटलं तरी धोका राहतो. हा मरीन व्हाइट स्पॉट आहे. सगळे मासे वेगळ्या साध्या टबात किंवा टँकात काढा, वाळू नको रॉक नको, फक्त स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. औषध तिथे, टेस्ट किटने मोजून, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. मुख्य टँक अडीच महिने बिनमाशांचा ठेवा, कोळंबी तिथेच राहू दे. परजीवी माशावरून गळून वाळूत कोष करतो, त्यातून पिल्लं निघतात आणि त्यांना मासा मिळाला नाही तर ती मरतात. ठिपके चार दिवसांत दिसेनासे होतील, तेव्हा बरं झालं समजून मासे परत घालू नका, ते ठिपके फक्त खाली वाळूत गेलेले असतात.

आणि इथून पुढे नवीन मासा चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय टँकात नाही. लोक मला विचारतात हा त्याच्याबरोबर चालेल का, तो याच्याबरोबर चालेल का, पण आजारी मासा कोणाबरोबरच चालत नाही. बाजारात नुस्तं (मासळी) घेताना आपण गालफड उघडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही ना, मग जिवंत मासा घेताना पाच मिनिटं उभं राहून बघायला काय हरकत आहे? श्वास भराभर चाललाय का, पोट आत गेलंय का, अंग रॉकला घासतोय का. आणि दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर खायला घाला. खात नसेल तर घेऊ नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, घरी दोघंच. मंदारिन मासा पाहिला आणि दुसरं काही आवडेनासं झालं. माझा टँक 100 लिटरचा, 3 महिन्यांचा. भांडखोर नाही म्हणतात, मग ठेवू ना?
(पणजीहून एक वाचक)

उत्तर: सर, तो कोणाशीच भांडत नाही हे खरं, आणि तरीही नाही म्हणते. मंदारिन दिवसभर रॉकवरचे बारीक कोपेपॉड टिपत फिरतो, डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढे जीव, आणि बहुतेक मंदारिन दुसरं काही खातच नाहीत. तुमच्या टँकातले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवेल आणि मग रोज थोडा थोडा बारीक होत जाईल, तुमच्या डोळ्यांसमोर. त्याला मोठा, भरपूर रॉकचा, वर्षभर मुरलेला टँक लागतो.

तुमच्यासाठी मी बांगाई कार्डिनलची जोडी सुचवेन, इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या थोड्याशा बेटांभोवतीच हा मासा मूळचा सापडतो, तिथे तो आता धोक्यात आहे, म्हणून हॅचरीतलाच घ्या, पैदास होते त्याची. यातला नर अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत तीन-चार आठवडे काही खात नाही. संध्याकाळी दोघं बसून बघायला यापेक्षा चांगलं काही नाही. मात्र दोन नर आले तर एक मरेपर्यंत भांडतात, तेव्हा दुकानात आधीच जोडीने फिरणारेच दोन मागा.

प्रश्न: मे महिन्यात दर वर्षी एक-दोन मासे जातात आणि तेव्हाच मारामारीही वाढते. एकाच महिन्यात असं का?
(मडगावहून एक वाचक)

उत्तर: पाण्याचं टेंपरेचर बघितलंत का? मेमध्ये आपल्याकडे बंद खोलीतल्या टँकाचं पाणी 31-32 ला जातं, यांना हवं 25 ते 27. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांना उलट जास्त लागतो, त्यात वळीव आला की लाइट जाते, पंप बंद, सगळे वरच्या थरात गोळा होतात आणि जागेवरून जुंपते. चिलर परवडला तर उत्तम, नाहीतर पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन डिग्री उतरतं. पंख्याने पाणी आटेल, ते साध्या आरओ पाण्याने भरायचं, मिठाच्या नाही, मीठ आटत नाही, टँकातच राहतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, मासेवाले आमिष जिवंत ठेवायला वापरतात तोच, स्वस्तात मिळतो.

आणि तुमच्या पत्रात माशांची संख्या लिहिलेली नाही. 120 लिटरला 9-10 असतील तर थंडीत जेमतेम निभतं, मेमध्ये नाही. पुढच्या पत्रात टँकचं माप, कोण कोण आहेत आणि कोण कधी आला ते क्रमाने लिहा, मग कोणाला दुसरं घर बघायचं ते सांगते.